दाबून सोडल्यावर

गव्हाणे मिस्त्रींनी कॉन्टेसाच्या मडगार्डवर
दोन्ही तळवे टेकले, अंगाचं सगळं वजन टाकलं
आणि एकदम हात काढून घेतले.
गाडी वर आली, खाली गेली,
वर, खाली,
परत वर. समोरच्या शाळेच्या रिक्षातली पोरं हसली.
"दीड वेळा हलायला पाहिजे," ते म्हणाले,
"ही तर पाळणा झालीये, ताई."

मला हे कळतं.
पेटी दुरुस्तीला आली की मीही हेच करते:
भाता भरायचा, एकाही पट्टीला बोट लावायचं नाही
आणि बघायचं, किती वेळात आपसूक खाली बसतो.
गिऱ्हाईक सांगत असतं, सूर बिघडलाय.
सूर बिचारा ठीक असतो.
चामडं कुठेतरी फाटलेलं असतं, दम टिकत नसतो.

वाटणीत त्याला वारज्याचा फ्लॅट आला,
मला ही गाडी. ब्याण्णवची, विटक्या मरून रंगाची,
नाक एवढं लांब की पार्किंगमध्ये
नगरकरांच्या कुंड्यांना टेकतं आणि चिठ्ठी येते.
वकीलबाई म्हणाल्या होत्या, भंगारात द्या.
मी म्हटलं, मागच्या सीटवर दोन पेट्या शेजारी शेजारी बसतात,
मध्ये उशी ठेवून.

नाना पेठेत ताहेरभाईंनी काउंटरवर
स्थळं दाखवावीत तसे एकेक जोड मांडले.
पहिला कंपनीचा, अस्सल, खोक्यासकट,
"पंचवीस वर्षांत हात नाही लागला कुणाचा."
मी रबर नखाने दाबून पाहिलं.
ते बसल्या जागीच म्हातारं झालं होतं.
दुसरा पिवळाधमक, गॅसचा, मूळचा कुठल्याशा पिकअपचा;
डोळा मोठा, भोसरीहून बुश कातून आणावं लागणार.
भाच्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर लगेच:
हाच घे मावशी, कात्रजच्या वळणावर गाडी हलणारसुद्धा नाही!
मला कात्रजला जायचंच नव्हतं.
तिसरा जोड माझाच होता, काढलेला,
तेलकट, पेपरात गुंडाळलेला.
"हे उघडून भरून देणारा एक जण आहे,"
ताहेरभाईंनी आवाज उतरवला, "पण गॅरंटी मागू नका."

मिस्त्रींनी एवढंच विचारलं: मागे कोण बसतं?
कुणी नाही, असं तोंडावर आलं होतं.
मग म्हटलं, पेट्या.
मोठ्या खड्ड्यात सुराचा स्क्रू ढिला होतो,
कोमल ऋषभ एवढासा घसरतो,
त्या एवढ्याशासाठी मी मग रात्रभर कानस घेऊन बसते.
ते गप्प झाले. शॉकचा दांडा अंगठ्याने आत दाबला,
सोडला.
पिवळा तडक उठला, दारावरची बेल वाजल्यासारखा.
जुना उठलाच नाही.
"धक्का स्प्रिंगच खाते," ते म्हणाले.
"स्प्रिंगला बास म्हणायला कुणीतरी लागतं. हा विसरलाय."

शेवटी पुढे गॅसचे बसवले.
मागे जुनेच, नवं तेल, नवी सीलं, पातळ भरायला सांगून.
ताहेरभाई नाराज, भाचा नाराज.
मिस्त्री म्हणाले, एका अंगाला दोन जातीची चप्पल
आजवर नाही घातली मी कुठल्या गाडीला,
आणि बिलातले पन्नास सोडले.

संध्याकाळी एरंडवण्यातल्या बाईंची पेटी द्यायला निघाले.
दवाखान्यासमोर एक स्पीडब्रेकर आहे,
कुठल्याच नियमात न बसणारा, घरच्या घरी केलेला.
काच खाली केली. ब्रेक नाही लावला.
पुढचं चाक चढलं, उतरलं, कडक, चोख.
मागचं चढलं.
एक.
मग अर्धा.
पेटीने मागे नुसती हवा सोडली,
झोपेत कूस बदलताना कुणी सोडावी तशी,
सूर नाही.

पौड फाट्यावर पोलिसाने हात दाखवला.
गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर हात ठेवला,
दाबून बघितलंही.
मग पीयूसी मागितली.
ती मार्चमध्येच संपली होती.